बारावी चिठ्ठी

उत्तराला डच भाषेत 'गळा आवळणे' आधी आलं आणि 'झारा' मागाहून. सतरा वर्षांपूर्वी ती आर्नहेमला आली, तेव्हा गल्लीच्या कोपऱ्यावर एका घराच्या कुंपणाला काचेच्या दाराचं छोटंसं कपाट टांगलेलं होतं. एक पुस्तक ठेवा, एक न्या, अशी इथली रीत. भाषा शिकायला बरं म्हणून हिने त्यातलं हाताला लागेल ते उचललं, आणि ते निघालं एका जुन्या खुनाच्या खटल्याचं. तीनशे ऐंशी पानं! शब्दकोश मांडीवर घेऊन दीड महिना बसली. परिणाम असा झाला की बाजारात भांडी घेताना बाईंची बोबडी वळायची, पण साक्षीदार, उलटतपासणी, शवविच्छेदन, बेपत्ता हे शब्द कसे तोंडपाठ. पुढे भाषेच्या तोंडी परीक्षेत विषय आला 'माझा शेजार'. कोण किती वाजता बाहेर पडतं, कुणाचे पडदे कोणत्या वारी बंद असतात, हे तिने इतकं बारकाईने सांगितलं की परीक्षक बाईंनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. पास मात्र केलं हो.

नोकरीही तिला स्वभावाला साजेशी मिळाली. वीज पोचवणाऱ्या एका कंपनीत ती आहे. कुठे दिवे गेले, ट्रान्सफॉर्मर जळाला, की दुरुस्ती करणारे दुरुस्ती करून जातात आणि मग उत्तरा जाते. का जळाला, हे शोधायला. अहवालात शेवटचा रकाना 'कारण' असतो, आणि तो रिकामा ठेवून अहवाल बंद करायचा नाही, हा तिचा स्वतःचा नियम. साहेब म्हणतात, अगं, चालू झालं ना, मग सोड की. ती सोडत नाही.

पुस्तकांचंही तसंच. जी कादंबरी पहिल्या पन्नास पानांत वाचकाला हाकलून द्यायला बघते, तिच्या दारात ही पाय रोवून उभी. परिच्छेद नाहीत? चालेल. कोण बोलतंय ते शंभर पानं कळत नाही? उत्तमच. त्या जोडीला खऱ्या, काळ्याकुट्ट हकिगती हव्यात. बुडालेल्या बोटी, कोसळलेल्या खाणी, साथीचे आजार. तिचं घर आहे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं. त्यात राहणाऱ्यांना ऐंशी वर्षांपूर्वी साऱ्या गावाबरोबर घर सोडून जायचा हुकूम आला होता, हे ती पाहुण्यांना चहाबरोबर सांगते. पाहुणे बिस्किट बशीत ठेवून देतात.

"उत्तरा, घरात असलं अभद्र बोलू नये गं. वास्तू तथास्तु म्हणत असते," असं तिला आजवर निदान पंचवीस जणींनी सांगितलं असेल. लेक ईशानी शिकायला उटरेख्तला असते, ती फोनवर म्हणते, "आई, सो डार्क! एकदा तरी काहीतरी हॅपी वाच ना." नवरा श्रीनिवास काही म्हणत नाही. तो सुट्टीच्या दिवशी निगुतीने स्वयंपाक करतो आणि हिच्या उशाशी रचलेल्या पुस्तकांना धक्का न लावता पलंगाखालून झाडू फिरवतो. अशी माणसं मिळायला भाग्य लागतं.

आता कुणी म्हणेल, ही हौस आली कुठून? तर तेही सांगायला हवं. उत्तरा अकरा वर्षांची असताना तिचे वडील कारखान्यातल्या अपघातात गेले. सांगलीकडची गोष्ट. मोठी माणसं माजघरात कुजबुजत बसायची, आणि ही आत आली की गप्प. कुणी तिच्या हातावर लाडू ठेवायचं, कुणी म्हणायचं, जा बाळ, बाहेर खेळ. काय झालं, हे तिला कुणीच सांगितलं नाही. तिच्या भल्यासाठीच नाही सांगितलं, पण त्या गप्प बसण्यातून पोरीने मनाशी जे जे रचलं ते खऱ्याच्या दसपट भयंकर होतं. तेविसाव्या वर्षी, इंजिनिअर झाल्यावर, तिने सरकारी कचेरीत चार खेटे घालून त्या अपघाताचा अहवाल मिळवला. अकरा पानं होती. दोन वाजून चाळीस मिनिटांनी वाफेची झडप उघडली नाही. बाबा दाराशी पोचले होते, पण आत अडकलेल्या एका माणसाला ओढायला परत फिरले. एवढंच. उत्तरा त्या कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर बसून पोटभर रडली आणि त्या रात्री बारा वर्षांत पहिल्यांदा गाढ झोपली. तेव्हापासून जे पुस्तक हात धरून अंधारात नेतं आणि काय झालं ते न लाजता, न घाबरता सांगतं, ते तिला सोबत करणाऱ्या माणसासारखं वाटतं. हे तिने कुणाला कधी समजावलं नाही. तिच्या मते यात समजावण्यासारखं काय आहे?

पण एकटीने किती वाचणार? वाचलेलं कुणाशी तरी बोलावं लागतं, तेही आपल्या भाषेत. म्हणून तीन वर्षांपूर्वी अ‍ॅमस्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्टमध्ये राहणाऱ्या सुचित्राने पुस्तक-भिशी काढली, तेव्हा उत्तराने पहिलं नाव दिलं.

भिशी आपल्याला माहीत आहे, तशीच. फक्त पैशांऐवजी पुस्तक. सभासद बारा. महिन्याच्या पहिल्या रविवारी एकाच्या घरी जमायचं, घरच्या माणसाने डब्यातून चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव निघेल त्याने पुस्तक सांगायचं, आणि ते बाकीच्या अकरांनी महिनाभरात मुकाट्याने वाचायचं. कुरकुर करायची ती वाचून झाल्यावर. डबा म्हणजे पवनचक्कीचं चित्र असलेला स्ट्रोपवाफल या इथल्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणावर हळदीकुंकू. जुलै-ऑगस्टमध्ये सगळे भारतात पळतात, म्हणजे वर्षात भिशी दहाच. दर वर्षी दोन नावं डब्यात राहून जातात. त्याला इलाज नाही. एप्रिलची भिशी पाडव्यालाच सुचित्राकडे असते; तेव्हा ती बाराच्या बारा चिठ्ठ्या नव्याने लिहिते आणि पुन्हा सगळ्यांचं नशीब सारखं. चिठ्ठ्या मोजायच्या नाहीत. तो अविश्वास होतो.

अगदी पहिल्या पाडव्यालाच उत्तराने उत्साहाच्या भरात जाहीर करून टाकलं होतं. पिशवीतून विटेएवढं पुस्तक काढून तिने सुचित्राच्या टेबलावर ठेवलं.

"माझी चिठ्ठी निघाली की हे. सहाशे बारा पानं. खऱ्या घटनेवरची कादंबरी आहे. एक माणूस सकाळी पाव आणायला म्हणून घराबाहेर पडतो आणि परत येतच नाही. घरचे वीस वर्षं शोधतात. इतकं इंटरेस्टिंग आहे म्हणून सांगू!"

आइंडहोव्हनच्या अभिरामच्या तोंडचं पाणी पळालं. कॉम्प्युटरच्या चिपांच्या कारखान्यात काम करणारा हा हुशार माणूस, पण पुस्तक हवं नव्वद पानांचं, तेही मोठ्या अक्षरात. "उत्तराताई, पाव आणायला मलाच पाठवा. मीही येत नाही परत," तो म्हणाला, आणि सगळे हसले. एनस्खेडेला पीएचडी करणारी मृण्मयी तेवढी पुस्तक हातात घेऊन उलटसुलट बघत राहिली. सुचित्रा कढी उतू जातेय म्हणत आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

पहिल्या वर्षी उत्तराची चिठ्ठी निघाली नाही. चालायचंच. दुसऱ्या वर्षीही नाही. अभिरामची मात्र दोन्ही वर्षी निघाली. तिसरं वर्ष सरत आलं तरी उत्तरा दर महिन्याला ट्रेनने कुठे कुठे जात होती, इतरांनी सांगितलेली पुस्तकं इमानाने वाचत होती. पाककृतींच्या आठवणी, प्रवासवर्णनं, एक तर चक्क वजन कमी करण्याचं पुस्तक. आणि दर वेळी घरून निघताना ती वीट पिशवीत टाकत होती. न जाणो, आज निघाली तर.

तिसऱ्या वर्षाची शेवटची भिशी मार्चमध्ये उत्तराकडे आली. म्हणजे फेब्रुवारीपासून तो डबा तिच्याच घरात, पुस्तकांच्या कपाटावर. झाकण उघडून बघावं, असं तिच्या एकदाही मनात आलं नाही. श्रीनिवासने मिसळ केली होती. कटाच्या वासाने मंडळी दारातच शिंकायला लागली. चिठ्ठी घरच्या माणसानेच काढायची, म्हणून उत्तराने डोळे मिटून हात घातला. लहान मुलीसारखे घट्ट मिटले होते तिने, चौपन्न वर्षांच्या बाईने. चिठ्ठी उलगडली.

"अभिराम."

"लागोपाठ तिसरं वर्ष!" मृण्मयी ओरडली. अभिरामने हात जोडून छताकडे पाहिलं. हसत, बोलत मंडळी मिसळीकडे वळली.

उत्तरा डबा घेऊन खिडकीशी गेली. झाकणावरचं कुंकू पुसून डबा सुचित्राला परत द्यायचा, म्हणून तिने तो हातावर उपडा केला. एक चिठ्ठी पडली. मृण्मयी.

एकच.

बारा नावं, दहा भिशी. दोन उरायला हवीत. उत्तराने डबा झटकला, तळाशी बोट फिरवलं. साधी कारणं आधी तपासायची, ही तिची सवय. कपाटाखाली वाकून पाहिलं, ओढणी झटकली. मग वही काढली. आजवरची सगळी पुस्तकं, तारखा आणि नावं तिच्याकडे लिहिलेली होती. या वर्षीची दहा नावं तिने बोटाने मोजली. राहिलेल्या दोघी म्हणजे मृण्मयी आणि ती. मृण्मयी तिच्या हातात होती.

तीन वर्षं लागोपाठ डब्यात राहून जायची शक्यता दोनशे सोळात एक. त्याहून दुर्मीळ बिघाड तिने पाहिले होते, म्हणून तिला कधी शंका आली नव्हती. जगाचे बिघाड शोधत हिंडणारी ही बाई! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

तिने कुणाला काही कळू दिलं नाही. मिसळ वाढली, पाव वाढले, अभिरामला आग्रह करून तिसऱ्यांदा कट घातला. निघताना सुचित्राने डबा पिशवीत ठेवला. "पाडव्याला माझ्याकडे हं. अकराला," ती म्हणाली आणि उत्तराकडे न बघता बूट घालू लागली.

सगळे गेल्यावर उत्तरा श्रीनिवाससमोर फुटली.

"माझी चिठ्ठी टाकलीच नव्हती रे तिने. एकदाही टाकली नसणार. तीन वर्षं मी मूर्खासारखी पुस्तक घेऊन हिंडले. लेकीच्या लग्नाचीसुद्धा कुणी एवढी वाट बघत नाही!"

"विसरली असेल."

"तीनदा?"

श्रीनिवास टेबलावरच्या वाट्या गोळा करू लागला. "सोडून दे ना. तू तुझं वाच."

"तेच तर करतेय लहानपणापासून! जा, बाहेर खेळ. मी आले की विषय बंद. मी काय अभद्र आहे का? नको असेल तर तोंडावर सांगा. इथली माणसं बघ, कसं फाडकन सांगतात, तुमचं स्वयंपाकघर आम्हाला आवडलं नाही. आपल्याकडे मात्र तोंडभर हसायचं आणि चिठ्ठीच टाकायची नाही."

तिने व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर निरोप लिहिला: 'वैयक्तिक कारणामुळे मी भिशी सोडत आहे. सर्वांना शुभेच्छा.' लिहिला आणि पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडला, 'सर्वांना शुभेच्छा' खोडलं, पुन्हा नाही पाठवला. सोडणं सोपं होतं हो. पण मग महिन्यातून एकदा ज्या घरात शिरल्यावर चपला काढता काढता मराठीत भांडता येतं, ते घर कुठून आणायचं? सांगितलेलं पुस्तक कितीही पिचकवणी असो, त्यावर बारा जण तीन तास तावातावाने बोलत. ते गमावलं तर रविवारी ती, तिची वीट आणि बाहेरची भुरभुर, एवढंच उरणार होतं. हे तिला नीट कळत होतं, म्हणून राग दुप्पट येत होता.

शेवटी नोकरीनेच तिला वाट दाखवली. ऑफिसात एक अहवाल संपवताना ती शेवटच्या रकान्याशी आली. कारण. तिने फोन काढला आणि तो निरोप पुसून टाकला. कारण कळल्याशिवाय अहवाल बंद करायचा नाही.

त्या वर्षी पाडवा मार्चच्या शेवटच्या रविवारी आला. त्याच पहाटे या देशातली घड्याळं एक तास पुढे जातात. उत्तरा मुद्दाम तासभर आधी पोचायचं ठरवून निघाली आणि दहाच्या ठोक्याला बुइटनव्हेल्डर्टमध्ये सुचित्राची बेल वाजवली. दार उघडलं ते गाऊनमधल्या, हाताला श्रीखंड लागलेल्या सुचित्राने. तिच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर अजून नऊच वाजले होते.

"अगंबाई! एवढ्या लवकर?"

"घड्याळ पुढे करायचं राहिलंय तुझं. दहा झाले." उत्तराने बूट काढले. बाल्कनीत गुढी उभी होती, साखरेच्या गाठीऐवजी लेकराच्या वाढदिवसाला आणतात तसल्या गोळ्यांची माळ घातलेली. टेबलावर डबा होता, शेजारी चिठ्ठ्यांसाठी कापलेले कागद. उत्तरा बसली आणि तिने सरळ विचारलं, "सुचित्रा, माझी चिठ्ठी का टाकत नव्हतीस?"

सुचित्राच्या हातातला डाव पातेल्यात गेला. नाही, तसं नाही, असं ती काहीतरी पुटपुटली. पुरण चोरून खाताना सापडलेल्या पोरीसारखा तिचा चेहरा झाला होता.

"तुला नाही म्हणवेना गं."

"मग न म्हणताच म्हणालीस की! तीन वर्षं!"

"तू ते पुस्तक वाचायला लावलं असतंस."

"लावलंच असतं! जड आहे, काळं आहे, मान्य. नसतं आवडलं तर शिव्या द्यायच्या. अभिरामने त्या डाएटच्या पुस्तकासाठी खाल्ल्याच ना?"

"जड-हलक्याचं नाही गं ते." सुचित्राने हात गाऊनलाच पुसले. "माझा भाऊ आहे ना. नाशिकचा."

"दुबईला असतो तो?"

"दुबईला नाहीये तो. कुठे आहे माहीत नाही. भिशी सुरू केली त्याच्या आदल्या दिवाळीत, सकाळी, आईच्या गोळ्या आणायला बाहेर पडला. गोळ्या घेतल्यात त्याने, दुकानदार सांगतो. पुढे काहीच नाही. दुबई मीच ठरवली. विचारलं तर सांगायला बरं. घरात बसवेना, म्हणून भिशी काढली मी. माणसं येतील, हसतील, वेळ जाईल. आणि पहिल्याच दिवशी तू ते पुस्तक इथे, या टेबलावर…"

उत्तराला पुढचं ऐकायची गरज नव्हती. तिला स्वतःचा आवाज आठवला. पाव आणायला म्हणून बाहेर पडतो आणि परत येतच नाही. इतकं इंटरेस्टिंग आहे म्हणून सांगू! आणि नंतरचं हसणं. कढी काही उतू गेली नव्हती. उत्तराच्या कानशिलांपर्यंत लाज चढली. दुसऱ्याचं दुःख बांधीव पुस्तकात मिळतं तेव्हा ते किती नीटनेटकं असतं, आणि टेबलापलीकडे बसलेल्या बाईकडे आपण साधं पाहिलंसुद्धा नाही!

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"तुला कुठे माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. पण तीन वर्षांत कळायला हवं होतं. माझं तर कामच ते आहे."

सुचित्रा उठली, स्टुलावर चढून घड्याळ पुढे केलं आणि साडी नेसायला आत पळाली. श्रीखंड उत्तराने घोटलं.

अकराला मंडळी आली. सगळे टेबलाभोवती बसल्यावर सुचित्राने पेन उचललं. "या वर्षी चिठ्ठ्या सगळ्यांसमोर लिहिणार आहे," ती म्हणाली. "तीन वर्षं मी उत्तराची चिठ्ठी डब्यात टाकली नव्हती. कारण माझं आहे, ते तिला सांगितलंय. पण चूक ती चूकच. म्हणून आज चिठ्ठी काढायची नाही. पहिला मान उत्तराचा."

सगळ्यांच्या माना उत्तराकडे वळल्या. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली, ते ताटात वाढून समोर आलं होतं. वीट पायाशी पिशवीतच होती.

"नको," उत्तरा म्हणाली. "असा वाढलेला मान नको मला. चिठ्ठीने येऊ दे. फक्त आत टाक."

सुचित्राने एकेक नाव लिहिलं, उत्तराने एकेक चिठ्ठी मोजत डब्यात टाकली. बारा. शेवटची तिची स्वतःची होती. ती टाकताना तिने उगीचच घडी पुन्हा दाबली. सुचित्राने झाकण लावून डबा खडखडवला, डोळे मिटून हात घातला आणि चिठ्ठी वाचून तिला आधी हसूच आवरेना.

"अभिराम!"

अख्खं घर हसून लोळलं. "अहो, मी काही केलेलं नाही!" अभिराम कळवळून सांगत होता. "उत्तराताई, तुम्ही मोजल्यात ना? तुम्हीच साक्षीदार!" मग जरा ओशाळून म्हणाला, "या वेळी जरा जाडं सांगू का? दीडशे पानांचं?" उत्तराही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. डब्यात अकरा चिठ्ठ्या होत्या आणि त्यातली एक तिची होती. निघेल तेव्हा निघेल.

मंडळी पांगली. सुचित्राचा नवरा आणि मुलगा पाहुण्यांना स्टेशनपर्यंत पोचवायला गेले, आणि उत्तरा वाट्या विसळायला थांबली. सुचित्रा शेजारी उभी राहून पुसत होती. बराच वेळ तिने एकच वाटी पुसली.

"ते पुस्तक आणलंयस?"

"आहे पिशवीत. पण राहू दे ते."

"शेवटी सापडतो का गं तो?"

उत्तराचा हात पाण्याखाली थांबला. हो म्हणणं सोपं होतं. सोपं आणि मायेचं, लाडवासारखं.

"नाही," ती म्हणाली. "नाही सापडत."

सुचित्राने श्वास सोडला. रडली नाही. उलट, कुणीतरी पाठीवरचं ओझं जरा वर उचलून धरावं तसा तिचा चेहरा दिसला. "सगळे मला सांगतात, येईल गं, पॉझिटिव्ह राहा," ती म्हणाली. "आई तर रोज सांगते. मी फोनच कमी केलेत. मग सहाशे पानं करतात काय ते लोक?"

"शोधतात. भांडतात. एकमेकांना दोष देतात. मधेच हसतातसुद्धा. आणि त्याच्याबद्दल बोलतात. त्याला काय आवडायचं, तो कसा चालायचा. सारखं त्याचं नाव घेतात."

सुचित्राने वाटी ओट्यावर ठेवली. "इथे त्याचं नाव कुणी घेतलेलं नाही. साडेतीन वर्षं."

"काय नाव त्याचं?"

"देवदत्त." पुसायचं फडकं तिने हातात घट्ट धरलं होतं. "देवा म्हणायचो आम्ही."

उत्तराने नळ बंद केला. हात पुसले, एक खुर्ची सुचित्रासाठी ओढली आणि एक स्वतःसाठी. परतीची ट्रेन सुटायला पाच मिनिटं होती. ती सुटू दिली.

"सांग देवाबद्दल," ती म्हणाली. "अगदी सुरुवातीपासून सांग. मला घाई नाही."